एका मैफलीची बिदागी

(दृश्य: सोलापूरचं हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृह. तबल्याच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी. पुढे पूर्व भागातली एक गल्ली.)

सोलापुरात संध्याकाळी इकडे तबला स्वरात लावला जात असतो, तिकडे पूर्व भागात एखादी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते. हजार विड्या झाल्या, की दिवसाची मजुरी.

अशा घरातलं बाळ दूध पिताना घामाघूम होतं. रडलं की ओठ निळे पडतात, वजन वाढत नाही. डॉक्टर सांगतात, हृदयात जन्मापासून दोष आहे. वेळेत शस्त्रक्रिया झाली, तर यातली बहुतेक मुलं चारचौघांसारखी खेळतात. सरकारी योजनांचा आधार आहे, मोठा आहे. तरी पुण्या-मुंबईला मुक्काम म्हणजे तितके दिवस सूप भिंतीला टेकलेलं.

(दृश्य: रस्त्याकडेची हातगाडी.)

इंदूरची गायिका पलक मुच्छल. 1999 च्या कारगिल युद्धात सात वर्षांची ही पोर दुकानांपुढे गाऊन जवानांच्या कुटुंबांसाठी पैसे जमवत होती. पुढच्या वर्षी एका शाळकरी मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी ती हातगाडीवर उभी राहून गायली. बंगळुरूच्या डॉ. देवी शेट्टींनी ती शस्त्रक्रिया मोफत करून दिली. जमलेले पैसे उरले. पलकच्या आईवडिलांनी वर्तमानपत्रातून विचारलं, असं आणखी कुणाचं मूल आहे का? 33 मुलांची नावं आली.

मला या गोष्टीत सगळ्यात जड वाटतो तो हा आकडा. एका मुलासाठी गायला निघालेल्या लहानग्या मुलीपुढे घरबसल्या 33 मुलांची यादी आली, आणि तिनं ती यादी खाली ठेवली नाही.

तेव्हा एका मुलाच्या खर्चासाठी तिला तीन-तीन तास गावं लागायचं. पुढे हिंदी चित्रपटांत नाव झालं, मानधन वाढलं, तसा एकाच कार्यक्रमात अनेक मुलांचा खर्च निघू लागला. 2024 पर्यंत शस्त्रक्रियांची संख्या 3,000 च्या वर गेली. प्रत्येक मुलामागे एक बाहुली ती घरी जपून ठेवते.

(दृश्य: सतार, जवळून.)

त्याही आधी, 1 ऑगस्ट 1971 ला, पंडित रविशंकर आणि बीटल्स या ब्रिटिश बँडमधले गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) निर्वासितांसाठी मैफल केली. तिकिटांचे सुमारे 2 लाख 43 हजार डॉलर मुलांसाठी काम करणाऱ्या युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिकेचे पैसे मात्र कराच्या कचाट्यात वर्षानुवर्षं अडकले, कारण कागदपत्रं आधी नीट झाली नव्हती. मुलांसाठी गाणाऱ्यानं हिशेबही आधीच लावून ठेवावा, आणि तोही तबल्याइतकाच काटेकोर.

(दृश्य: पुन्हा सोलापूर. ऑर्केस्ट्राचा टेम्पो, कीबोर्ड उतरवणारी मुलं.)

आपल्या ऑर्केस्ट्रातल्या गायकाची बिदागी शस्त्रक्रियेला पुरणार नाही. पण एका कार्यक्रमाच्या बिदागीत एका आईचं एसटीचं भाडं आणि पुण्यातलं काही दिवसांचं जेवण निघतं. तेवढे दिवस तिला बाळाच्या खाटेपाशी बसता येतं.