पेटी आली ते साल

(दृश्य: वडगाव, बेळगाव. यंत्रमागाची खोली, माग बंद. बाकड्यावर आणि सुताच्या पोत्यांवर टेकलेली पाच माणसं. मधे शंभर पानी वही.)

या वहीत गेले तीन रविवार एकच ओळ लिहिली जाते आणि खोडली जाते. ‘सांगत्ये ऐका’. कागद आता तिथं पातळ झालाय.

ठरलं होतं सोपं. १९६० ते १९६९ या दहा वर्षांतले दहा पिक्चर, एकापासून दहापर्यंत. वही मास्तरांकडे, कारण अक्षर त्यांचं चांगलं आणि आवाजही. मास्तर म्हणतात, ‘सांगत्ये ऐका’ १९५९चा. वर्गात बसूच शकत नाही. नियम म्हणजे नियम.

ऑपरेटर काकांना हे मान्य नाही. पोरवयात ते खानापूरकडच्या तंबू टॉकीजमध्ये रिळं गुंडाळायला होते, पुढे शहरातल्या थेटरात मशीनवर बसले.

‘पुण्यात लागला असेल एकोणसाठला. आमच्या तंबूत पेटी आली बासष्टच्या जत्रेत. मी तवा बघितलो. मग तो कुठल्या सालचा?’

(दृश्य: काकांचे हात. हवेतच रीळ गुंडाळून दाखवताहेत.)

हसण्यावारी नेण्यासारखा हा मुद्दा नाही. पेटी म्हणजे पिक्चरच्या रिळांची. प्रिंटा मोजक्या. आधी मुंबई-पुणं, मग कोल्हापूर, मग बेळगाव, मग तालुक्याचं गाव आणि सगळ्यात शेवटी तंबू. पुण्याच्या विजयानंदला ‘सांगत्ये ऐका’ सव्वाशेहून जास्त आठवडे मुक्काम ठोकून होता. खेड्यात पेटी पोचेपर्यंत फिल्मवर इतके ओरखडे, की हंसा वाडकर भर उन्हाळ्यात पावसात नाचल्यासारखी दिसायची. तंबूचा हंगाम दिवाळीनंतरचा. खानापूरचा पाऊस सुरू झाला की तंबू गुंडाळायचा, आणि राहिलेला पिक्चर पुढच्या वर्षी. गावाच्या लेखी पेटी आली ते साल खरं.

माझं मत विचाराल, तर मी काकांच्या बाजूचा. पण कॅमेऱ्यामागून मत देता येत नाही.

‘पाठलाग’ला मात्र सगळ्यांचा हात वर. १९६४, राजा परांजपे. दोन वर्षांनी राज खोसलांनी त्याचाच हिंदीत ‘मेरा साया’ केला. त्यामुळे भांडण पिक्चरचं नाही, मूळ मोठं का नक्कल मोठी, एवढंच. मागवाले मामा हिंदीच्या बाजूचे, झुमक्याच्या गाण्यासाठी. मास्तर चिडून म्हणाले, दागिनाच हरवायचा तर आमची बुगडी आधी सांडली होती, साताऱ्याला जाताना! बरेलीवाल्यांना उशिरा सुचलं. असा टोला बसला आणि ‘सांगत्ये ऐका’ मास्तरांच्याच तोंडून परत यादीच्या दारात येऊन उभा राहिला. काका नुसते हसले.

हिंदीतले बाकीचे भराभर झाले. ‘मुघल-ए-आझम’ वरती, वाद नाही. ‘तीसरी कसम’ला तीन मतं. ‘गाईड’ची शिफारस मास्तरांनी भलत्याच कारणानं केली: मूळ कादंबरी आर. के. नारायण यांची, म्हणजे लेखक म्हैसूरचा, आणि १९६५ साली आपण म्हैसूर राज्यातच होतो की. देव आनंद घरचाच झाला.

म्हैसूर राज्य म्हटल्यावर खोलीत जरा शांतता झाली. १९५६ला बेळगाव तिकडे गेलं. साठचं दशक या गल्ल्यांत पिक्चरचं होतं, तसंच सीमावादाच्या मोर्च्यांचं आणि त्यावर नेमलेल्या महाजन आयोगाचंही. मग कन्नड पिक्चर यादीत घ्यायचा का, हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा राहत नाही.

तो काढला मामांनीच. ‘कित्तूर चेन्नम्मा’, १९६१, दिग्दर्शक बी. आर. पंतलू, राणी बी. सरोजादेवी. कित्तूर इथून धारवाडच्या रस्त्याला, बसनं फार तर तास-सव्वा तास. १८२४ साली राणीच्या फौजेनं कलेक्टर थॅकरेला तिथंच लोळवलं.

‘काय सांगूलास मामा, आपली मराठी यादी हाय न्हवं?’

‘यादीवर मराठी कुठं लिहिलंय? आणि मुघल-ए-आझम काय मराठी हाय?’

मास्तरांनी वही उलटीसुलटी करून पाहिली. खरंच लिहिलं नव्हतं.

(दृश्य: भिंतीवर विठोबाची तसबीर. तिच्या खिळ्याला टांगलेली टाळांची जोडी.)

मामांच्या घरात वारी आहे. त्यांचा दुसरा कन्नड पिक्चर ‘संत तुकाराम’, १९६३चा, तुकाराम झालेला राजकुमार. यावर काका उसळले. तुकाराम म्हणजे प्रभातचा, विष्णुपंत पागनीस, विषय संपला! मामांनी तसबिरीकडे बोट केलं. ‘त्याला ज्ञानोबा कानडा म्हणतात ते चालतंय, आणि तुकोबानं कन्नड बोललं की चालत नाही?’

वहीत दोन्ही कन्नड पिक्चर लिहिले गेले. आकडा न घालता.

चहा घेऊन मामी आल्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही विचारलं.

‘माझी यादी एकाचीच. ‘साधी माणसं’.’

का? तर त्या दहा वर्षांत त्यांनी एकच पिक्चर पाहिला. लग्नानंतर माहेरी, निपाणीला गेल्या तेव्हा भावानं नेलं. भालजींचा पिक्चर, जयश्री गडकर, सूर्यकांत. संगीत आनंदघन, म्हणजे नाव बदलून लताबाईच. मामींना यातलं काही नको होतं. त्यांना आठवत होता लोहाराच्या बायकोचा पदर.

‘भात्याजवळ बसून काम करतीय आणि पदर सारखा मागं खोचतीय. ठिणगी पडंल म्हणून. मी पण मागाजवळ तसंच करत होते. पिक्चरमधल्या बाईला कुठनं कळलं, असं वाटलं मला.’

कप गोळा करून त्या आत गेल्या. मास्तरांनी पहिल्या क्रमांकावरचा ‘मुघल-ए-आझम’ खोडला नाही. पण त्याच्या वर, समासात, बारीक अक्षरात ‘साधी माणसं’ लिहिलं. एकाच्याही वर कुठला नंबर असतो, ते कुणी विचारलं नाही.

(दृश्य: संध्याकाळ. बाकीचे उठलेत. काका एकटेच मोबाइलवर ‘पाठलाग’ बघताहेत.)

थेटरात मशीनं दोन. एकाचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर, गोल ठिपका उमटायचा. पहिला ठिपका, दुसरं मशीन चालू. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, पडदा दुसऱ्या मशीनच्या ताब्यात. ठिपका टिकायचा सेकंदाचा सहावा हिस्सा. बघणाऱ्यांना तो कधी दिसला नाही. काकांनी तीस वर्षं पिक्चरमधलं तेवढंच पाहिलं.

जुन्या प्रिंटेवरून उतरवलेल्या पिक्चरमध्ये ते ठिपके अजून राहिलेत.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. कोपऱ्यात ठिपका. काकांचा उजवा हात गुडघ्यावरून उचलला जातो, हवेत थांबतो. दुसरा ठिपका. हात खाली येतो.)