किल्ल्या, बटवा आणि पानोफ्स्की

मंडळी, नमस्कार.

हॅम्बुर्गच्या मुख्य स्टेशनातून बाहेर पडलं की कुन्स्टहाले, म्हणजे शहराचं कलासंग्रहालय, लागतं. १९२० च्या दशकात विद्यापीठाचा कला-इतिहास विभाग तिथेच होता आणि एर्विन पानोफ्स्की तिथे शिकवायचे. जन्म १८९२, हानोवरचा. १९१४ मध्ये जर्मन चित्रकार ड्यूररच्या कलाविचारावर पीएचडी केली आणि उत्तर युरोपातल्या अशा चित्रकारांचा नाद पुढे जन्मभर सुटला नाही.

ड्यूररच्या ‘मेलेनकोलिया’ची प्रत आणली आहे, मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. मूळ चित्रही एवढंच, जेमतेम २४ सेंटिमीटर उंच. पंख असलेली बाई गालाला मूठ टेकून बसली आहे. हातात कर्कटक, पण काम थांबलेलं. कमरेला किल्ल्या आणि बटवा. किल्ल्या म्हणजे सत्ता, बटवा म्हणजे धन, असं ड्यूररनेच लिहून ठेवलंय. भिंतीवरच्या चौकोनातले आकडे आडवे, उभे, तिरपे मिळवा, बेरीज ३४. तळच्या ओळीत मधोमध १५ आणि १४, म्हणजे चित्राचं साल! १९२३ मध्ये पानोफ्स्कींनी कला-इतिहासकार फ्रिट्झ झाक्सल यांच्यासोबत या एकाच चित्रावर पुस्तक लिहिलं. जुन्या वैद्यकात सगळ्यात वाईट मानलेली उदास प्रकृती रेनेसाँसमध्ये प्रतिभेची खूण कशी झाली, ते त्यात उलगडतं. माझं तर चित्राकडे बघणंच त्यामुळे बदललं.

१९३३ च्या वसंतात ते न्यूयॉर्कला शिकवत होते. तिथे तार आली: ज्यू म्हणून नोकरीवरून काढलंय. तारेच्या पाकिटावरच्या हिरव्या पट्टीवर ईस्टरच्या शुभेच्छा छापलेल्या होत्या.

आपण इथे परदेशात आपल्या मर्जीने आलो. त्यांना मात्र चाळिशी उलटल्यावर परक्या भाषेत नव्याने सुरुवात करावी लागली. पण त्यांनी त्याचं रडगाणं केलं नाही. जर्मनमध्ये साधा विचारही जडजंबाळ शब्दांआड दडवता येतो, इंग्रजीने नेमकं बोलायला लावलं, अशा अर्थाचं त्यांनी पुढे लिहिलं. दोन भाषांत घर चालवणाऱ्या आपल्याला हे लगेच पटेल. १९३५ पासून ते अमेरिकेत प्रिन्स्टनला होते. १९४३ चा ड्यूररवरचा ग्रंथ आणि १९५३ चा जुन्या नेदरलँडिश चित्रकलेवरचा ग्रंथ, दोन्ही इंग्रजीतच.

पीएचडीनंतर विद्यापीठात शिकवण्यासाठी लागणारा त्यांचा १९२० चा हॅम्बुर्गचा दुसरा प्रबंध मायकेलअँजेलोवरचा होता. तो युद्धात गेला, असंच सगळे धरून चालले होते. २०१२ मध्ये म्युनिकला, एकेकाळच्या नाझी पक्षाच्या कचेरीतल्या तिजोरीत तो सापडला. पानोफ्स्की १९६८ मध्येच गेले होते.