वाढत्या अंगाचे शूज

(बॅलेच्या नव्या विद्यार्थ्यांच्या पालकांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार. मी शिक्षिका नाही, हे आधीच सांगते. माझी लेक साडेपाच वर्षांची असताना पहिल्यांदा वर्गाला गेली आणि पुढची अकरा वर्षं मी बाहेरच्या बाकावर बसले. आज जे बोलणार आहे ते त्या बाकावरून दिसलेलं.

पहिली चूक मी पहिल्याच आठवड्यात केली. आपल्याकडे मुलांचं काहीही घ्यायचं तर वाढत्या अंगाचं. गणवेश दोन बोटं सैल, चपला एक नंबर मोठ्या. मी शूजही तसेच घेतले आणि पुढे कापूस कोंबला. पाचव्या मिनिटाला बाई लेकीला हाताला धरून बाहेर आल्या. म्हणाल्या, "हिची बोटं कुठे आहेत तेच मला दिसत नाहीये." बॅलेचा मऊ शूज पायमोज्यासारखा बसावा लागतो. बोटं सरळ राहिली पाहिजेत, दुमडता कामा नयेत, पण पुढे मोकळी जागाही नको. पुढचं कापड लोंबत असेल तर मूल अडखळतं आणि पाऊल नीट ताणलं जातंय का, हे शिकवणाऱ्याला कळत नाही. चार-सहा महिन्यांनी शूज लहान होतील, होऊ द्या. धाकट्या बॅचमधल्या कुणाला तरी द्या. आमच्या बाकावर जुन्या शूजची अशी एक पिशवीच फिरत असायची.

नाव आतून लिहा, बॉलपेनने. वीस मुलींचे गुलाबी शूज एका ढिगात पडले की सख्ख्या आईलाही ओळखू येत नाहीत. आणि पावसाळ्यात चामड्याचे शूज बॅगेत तसेच ठेवलेत तर आठवड्याभरात बुरशी धरणार. घरी आल्यावर आत वर्तमानपत्राचा बोळा घालून पंख्याखाली ठेवा. उन्हात नको, चामडं कडक होतं. वर्गाबाहेर, जिन्यात, रिक्षात ते घालू देऊ नका.

केसांचं सांगते, कारण त्यावरून घराघरांत सकाळी रडारड होते. अंबाडा हवा, पण गजरा माळायचा तसा मोठा, मानेवर उतरलेला नको. चपटा, डोक्याच्या मागे वरच्या बाजूला, जाळी लावून आकड्यांनी पक्का केलेला. गिरकी घेताना डोकं झटकन फिरवावं लागतं, तेव्हा हलणारा अंबाडा तोल घालवतो. वर्गाच्या दिवशी डोक्याला तेल चोपडू नका. हात लागतो, तेच तेल बारला, म्हणजे सरावात धरायच्या आडव्या दांड्याला, आणि जमिनीला लागतं, मग कुणीतरी घसरतं. लिओटार्डच्या, म्हणजे वर्गात घालायच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाच्या, आत चड्डी घालायची नसते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते.

आता खरं बोलायचंय ते वेगळंच. बाकावर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न म्हणजे, "पॉइंटवर कधी घेणार?" पॉइंट शूज म्हणजे ते साटिनचे, टोकावर उभं राहायचे. त्यात लाकूड असतं असं माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत वाटायचं. पारंपरिक शूजमध्ये लाकूड नसतं. कापडाचे आणि कागदाचे थर गोंदाने चिकटवून टोक घट्ट केलेलं असतं आणि तळव्याखाली एक कडक पट्टी असते. त्यावर उभं राहिलं की सगळ्या शरीराचा भार बोटांच्या टोकांवर. लहान मुलांच्या पायांतली हाडं अजून वाढत असतात, वाढीच्या जागा कूर्चेच्या असतात. म्हणून साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी, आणि त्यामागे काही वर्षांची नियमित तालीम असल्याशिवाय, चांगला शिक्षक पॉइंटवर घेत नाही. बारा पूर्ण झाली म्हणून आपोआप मिळतं असंही नाही. घोटा, पोटरी, पाठ तयार आहे का ते बघून शिक्षकच ठरवतात. माझी लेक तेराव्या वर्षी चढली, तिच्या मैत्रिणीनंतर दीड वर्षाने. ते दीड वर्ष तिच्यापेक्षा मलाच जड गेलं, हे कबूल करते. एकदा तर मी गुपचूप ऑनलाइन जोडी मागवायच्या बेतात होते. तसं अजिबात करू नका. पहिली जोडी जाणकाराने पायात घालून बघूनच घ्यायची, शिक्षकांना दाखवायची, आणि त्यांनी सांगेपर्यंत घरी ती घालून उभंही राहायचं नाही.

घरच्या सरावाचंही तेच. आपल्या घरांत खाली फरशी. वर्गात लाकडी, खाली थोडी लवचिक जमीन असते, ती उडीचा हादरा झेलते. फरशीवर उड्या म्हणजे गुडघे आणि नडग्या दुखायला आमंत्रण. पाय बाहेर वळवणं, ज्याला टर्नआउट म्हणतात, ते खुब्यातून यायला हवं. भरतनाट्यमची अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. खुबा जेवढा वळतो तेवढंच पाऊल वळवायचं, गुडघा पावलाच्या रेषेत. एक बाबा रोज रात्री मुलीला बेडकासारखं पालथं झोपवून कंबरेवर उशा ठेवायचे, मोबाइलवर पाहून. प्रेमानेच करत होते बिचारे. दोन महिने ती मुलगी लंगडत होती.

परीक्षा. संगीताच्या प्रारंभिक, प्रवेशिका आपल्या ओळखीच्या, त्यामुळे इथेही आपण लगेच विचारतो, कितवी झाली? बरेच वर्ग लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षा देतात. ही संस्था १९२०ची. शंभरपैकी चाळीसला पास, पंचावन्नला मेरिट, पंच्याहत्तरला डिस्टिंक्शन. एखाद्या वर्षी शिक्षक म्हणाले, यंदा नको, तर नको. वरच्या ग्रेडला ढकललेलं मूल आणि कापूस कोंबलेला शूज, दोन्ही मी पाहिलेत.

खाण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलते. वर्गाच्या तास-दीड तास आधी अर्धी वाटी पोहे किंवा एक केळं, वर्ग संपल्यावर पोळीभाजी, वरणभात, दूध, जे घरात असेल ते पोटभर. नाचणी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, हे आपलं जुनंच आहे आणि उत्तम आहे. खोलीभर आरशासमोर मुली घट्ट कपड्यांत उभ्या असतात, आपलं शरीर त्यांना दिवसातून शंभरदा दिसतं. त्यात आपण "जरा सुटलीस गं" असं गमतीनेही म्हणायचं नाही. आत्या, मावशी, काकूंनाही बजावून ठेवा. मूल ताटातलं लपवायला लागलं, सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही किंवा पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, तर डॉक्टरकडे जा. नृत्यात असं होतंच, म्हणून सोडून देऊ नका.

मुलग्यांचे पालक आज दोनच दिसतायत. तुम्हाला नातेवाईक विचारतील, हे काय मुलींचं? त्यांना सांगा, फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची अकादमी काढली, तेव्हा राजा स्वतः नाचायचा. पॅरिसच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तकी आल्या त्या १६८१ मध्ये, त्याआधी बायकांच्या भूमिकाही पुरुषच करत. बॅलेतल्या पावलांची नावं अजून फ्रेंचच आहेत, ती या फ्रान्सच्या मुळामुळे. आणि इथलं उदाहरण हवं असेल तर आपल्या नवी मुंबईचा अमीरुद्दीन शाह. वेल्डरचा मुलगा, मुंबईत येहूदा माओर यांच्याकडे शिकला आणि २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. आमच्या घरी आजोबांचा प्रश्न वेगळा होता. बॅले म्हटलं की त्यांना नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांच्या लिटिल बॅले ट्रूपचं रामायण आठवायचं, कठपुतळ्यांसारखं नाचलेलं. नातीचा पहिला कार्यक्रम पाहून म्हणाले, छान, पण यात हनुमान कुठे?

मुलं कंटाळतात. साधारण नऊ-दहाव्या वर्षी एकदा येतंच ते. रोज तेच प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं, तेच तांद्यू, म्हणजे पाऊल ताणणं. तेव्हा चालू सत्र पूर्ण कर, मग ठरवू, एवढंच म्हणा. त्यानंतरही नको असेल तर सोडू द्या. माझ्या लेकीबरोबर सुरू केलेल्या बारा जणींपैकी शेवटपर्यंत दोघी राहिल्या. बाकीच्या दहाजणींचं काही बिघडलेलं मला तरी दिसत नाही.

बाकावर बसून वर्गातलं काचेतून बघू नका, हे राहिलंच. मूल बाईंकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतं. मी त्या अकरा वर्षांत तीन स्वेटर विणले.

बरं, इलॅस्टिक लावायचं दाखवते, कारण ते दुकानातून बहुधा सुटंच मिळतं. टाच अशी आत दुमडायची. घडी जिथे पडते तिथे दोन्ही बाजूंना खूण करायची, तिथेच इलॅस्टिक शिवायचं. कडेच्या नाडीतून सुई जाऊ द्यायची नाही, नाहीतर नाडी ओढलीच जाणार नाही. नाडी शूज पायात असताना ओढायची, गाठ मारायची, उरलेली कापून आत सारायची. सुई-दोरा मी आणलाय. ज्यांनी शूज आणलेत त्यांनी पुढे या, आणि बाबांनीसुद्धा या, शिवायला काही आईच लागत नाही.