रुसलेल्या त्र्यंबोलीची गोष्ट

कॅमेऱ्यात दिसतेय ही कोल्हापूरची टेंबलाई. डोंगर म्हणतात पण टेकडीच आहे, आता तर चारी बाजूंनी घरं आलीत. वर त्र्यंबोली देवीचं देऊळ आणि देवीचं तोंड पूर्वेला, म्हणजे कोल्हापूरकडं पाठ. का? तर रुसलीय.

लहानपणी आम्हाला ही गोष्ट जेवताना सांगायचे. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं, ते सगळ्यांना माहितीय, पण त्याचा पोरगा कामाक्ष, त्यानं योगदंड, म्हणजे जादूची काठीच म्हणा, मिळवला आणि अंबाबाईसकट सगळ्या देवांच्या शेळ्यामेंढ्याच करून टाकल्या. मग त्र्यंबोलीनं कामाक्षाला मारून सगळ्यांना सोडवलं, पुढं विजयाचा सोहळा झाला आणि नेमकं हिलाच बोलवायचं राहिलं. घरच्या लग्नात सख्ख्या माणसाला पत्रिका द्यायची राहते बघा, तसंच. आली ती तडक इथं टेकडीवर.

आता बोलवायला विसरलं कोण, हे गोष्टीत कुठंच नाही. आमची आजी म्हणायची, "इसरली न्हाई गं, मुद्दाम केलं आसंल कुनीतरी." शेजारच्या काकूंचं मत वेगळं. लिहिणाऱ्याला अजून काय पाहिजे सांगा, हीच तर जागा असते आत शिरायला.

ही ललिता पंचमी, नवरात्राची पाचवी माळ. अंबाबाई स्वतः पालखीत बसून समजूत काढायला आलीय. ही गर्दी बघा. पालखी टेकली, आता कुमारिकेची पूजा चाललीय, तिला मळवट भरलाय, एवढीशी पोर पण हलत नाही जागेवरनं. समोर कोहळा. त्र्यंबोली म्हणाली म्हणे, कोल्हासुराला मारलंस कसं ते मला दाखव, म्हणून हा कोहळा म्हणजे कोल्हासुर. पोरीच्या हातात त्रिशूळ दिलाय आणि…

(इथं निवेदन नको, गर्दीचा आवाज तसाच राहू दे)

झालं, तुटून पडले सगळे. कोहळ्याचा तुकडा घरी न्यायचा असतो. या काकांच्या मुठीत बघा, बोटभर फोड, दोन बिया, गुलालानं लाल झालेल्या. रुमालात बांधून खिशात टाकली पण.

रंकाळा तळ्याजवळच्या नंदीची गोष्ट पण अशीच ऐकत आलेली. रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, तळ्याला पोचला की जगबुडी. शूटिंगला पुतण्या बरोबर होता, तो तिथंच बोटं मोजायला लागला, "म्हणजे रोज नेमका किती पुढं?" गप्प बसलो सगळे.

याच गावात 1929 साली प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, आणि 1932 ला त्यांनी पहिला मराठी बोलपट काढला तोही कशावर, हरिश्चंद्रावर. आवाज नवा आला पण गोष्ट घराघरात ऐकलेलीच घेतली. आणि आम्ही आज कॅमेरा घेऊन परदेशी सिरीजसारखा प्लॉट शोधत फिरतोय, टेंबलाई रिक्षानं पंधरावीस मिनिटांवर असताना.

सांगणाऱ्या आज्या कमी होत चालल्यात, ज्यांच्या घरी आहेत त्यांनी मोबाईलवर रेकॉर्ड तरी करून ठेवा.

पालखी परत निघाली बघा, खाली गावाकडं. आणि देवी तशीच, पाठ करून.