डहाळ्यावरचे चौदा दिवस

पौषातल्या बाजारात हरभऱ्याचे डहाळे जुड्या बांधून विक्रीला येतात आणि घेणारा माणूस तिथेच उभ्याउभ्या एक घाटा तोडून, दातांनी सोलून हिरवा दाणा तोंडात टाकतो. घाट्याची लवदार साल त्या वेळी ओठांना लागते, आणि कीटकनाशकाचा फवारा बसलेला असतो तो याच सालीवर.

घाटे अळी डोके घाट्यात खुपसून, अर्धे शरीर बाहेर ठेवून दाणा फस्त करते. शेतकऱ्याची फवारणीची गरज त्यामुळे खरीच आहे. या अळीसाठी वापरले जाणारे इमामेक्टिन बेंझोएट पानाच्या पृष्ठभागावर उन्हाने लवकर विघटित होते. पण जो अंश पानात मुरतो त्याला ऊन लागत नाही, आणि पुढचे काही दिवस अळी मरते ती या मुरलेल्या औषधानेच.

औषध रोज सारख्या मापाने कमी होत नाही. त्याचे अर्धायुष्य तीन दिवसांचे धरले, तर तिसऱ्या दिवशी निम्मे, सहाव्या दिवशी पाव आणि नवव्या दिवशी आठवा हिस्सा उरतो. शिवाय घाटा भरत जातो तसे तेवढेच औषध अधिक वजनात विभागले जाते. मात्र विघटन झाले म्हणजे विष संपले, असे दर वेळी म्हणता येत नाही : डायमेथोएट या दुसऱ्या एका कीटकनाशकापासून तयार होणारे ओमेथोएट मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असते.

म्हणूनच शेवटची फवारणी आणि तोडणी यांतले किमान अंतर, म्हणजे प्रतीक्षा काळ, लेबलवर पीकवार दिलेला असतो. इमामेक्टिनसाठी तो कोबीवर ३ दिवस, तर हरभऱ्यावर १४ दिवस आहे. क्लोरँट्रानिलिप्रोल या आणखी एका कीटकनाशकासाठी हरभऱ्यावर ११ आणि तुरीवर तब्बल २९ दिवस आहे. दुकानदाराने तोंडी सांगितलेला एकच आकडा सगळ्या पिकांना लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

वाळवून काढायच्या हरभऱ्याला हे दिवस बहुधा आपोआप मिळतात. डहाळ्यांना ते मिळत नाहीत, कारण भाव आला की ते त्याच दिवशी उपटले जातात, आणि घरी धुतल्याने वरचा थर गेला तरी मुरलेले औषध जात नाही. डहाळ्यांसाठी धुऱ्याकडची चार तासे, म्हणजे ओळी, आधीच वेगळी राखावीत, त्यांवर निंबोळी अर्क फवारावा, आणि उरलेल्या शेतातल्या फवारणीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर, औषधाच्या नावासह, त्याच संध्याकाळी लिहावी.