ओरडणारा पेशंट सोडून सिस्टर गप्प पेशंटकडे का धावते?

नमस्कार मंडळी! पेडणे असो की काणकोण, मोठा अपघात झाला की गोव्यात एकच नाव निघतं, बांबोळी. तिथल्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीहूनही जखमी येतात. आणि कुठल्याही कॅज्युअल्टीबाहेर नातेवाईक हमखास म्हणतात, "आमचा माणूस ओरडतोय, सिस्टर बघतच नाही!"

बघते हो. स्ट्रेचर आत येतानाच तिची नजर फिरलेली असते. जो मोठ्यानं ओरडतोय, त्याचा श्वास निदान या घडीला चालू आहे. तिला भीती वाटते ती गप्प पडलेल्या, घामेजलेल्या, हातपाय गार पडलेल्या माणसाची. पोटात रक्तस्राव होत असला तर बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून आधी तिकडे: ऑक्सिजन, मानेला कॉलर, दोन्ही हातांना जाड सुया, रक्तपेढीसाठी नमुना. मग कात्रीनं कपडे कापायचे. नवी जीन्स कापली म्हणून लोक चिडतात, मला ते ऐकून वाईट वाटतं. पाठीवरची जखम कपड्यांखाली दिसणार कशी? पेशंटला कुशीवर वळवतानाही डोकं धरणारा सांगेल तेव्हाच सगळे मिळून वळवतात, मणका हलू नये म्हणून. नंतर लगेच पांघरूण, कारण अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही.

डोक्याला मार असेल तर खरं काम पुढेच असतं. 1974 पासून जगभर वापरात असलेली ग्लासगो कोमा स्केल घ्या, म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे ते गुणांनी मोजायची पद्धत. डोळे उघडण्याचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6, मिळून 15. सगळ्यात कमी 3. सिस्टर पुन्हा पुन्हा येऊन विचारते, "नांव कितें? खंय रावता?" (नाव काय? कुठे राहता?) घरच्यांना वाटतं, एकच प्रश्न किती वेळा! पण मघाशी 15 होते आणि आता 13 झाले, तर ती तडक डॉक्टरांना बोलावते. कवटीच्या आत रक्त साचतंय, हे कित्येकदा याच घसरणीवरून कळतं. रात्रभर, दुसऱ्या पेशंटांचं बघत, पोलीस केसची कागदपत्रं भरत, ती हे आकडे लिहीत असते.

तिला मदत करायची असेल तर एकानंच पुढे या. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे, शेवटचं कधी खाल्लं, अपघातानंतर शुद्ध हरपली होती का, हे सांगा. आणि दारू घेतली असेल तर लपवू नका. गुंगी दारूची की डोक्यातल्या रक्तस्रावाची, हे तिथं ठरवायचं असतं.