पर्पेतुआ आणि तिचे वडील

सुरुवात एका सुरईपासून करू.

साल 203. कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिसजवळचं रोमन शहर. बावीस वर्षांची विबिया पर्पेतुआ अटकेत आहे. चांगल्या घरातली, शिकलेली, अंगावर पितं मूल. तिच्याबरोबर फेलिसितास नावाची एक गरोदर दासी आणि आणखी काही जण. गुन्हा एकच, तिची श्रद्धा; ती सोड, म्हणून वडील समजूत घालायला आलेत. ती विचारते, "बाबा, ही सुरई दिसतेय ना? हिला दुसरं काही म्हणता येईल का?" "नाही." "मग मलाही मी जी आहे तेच म्हणावं लागेल. मी ख्रिस्ती आहे."

वडील असे खवळले की तिचे डोळेच उपटतील. पुढे काही दिवस ते फिरकले नाहीत, तेव्हा आपण देवाचे आभार मानले, हेही ती लिहून मोकळी होते! हो, हे सगळं तिनेच लिहिलंय. तुरुंगातली तिची लॅटिन रोजनिशी आपल्यापर्यंत पोचली आहे. इतक्या जुन्या काळातल्या ख्रिस्ती स्त्रीच्या हातचं लेखन फार थोडं उरलंय.

तुरुंगात काळोख, गर्दी, उकाडा. बाळ भुकेने मलूल झालेलं. दोन डीकनांनी, म्हणजे चर्चच्या सेवकांनी, पहारेकऱ्यांना पैसे चारले, तेव्हा कुठे तिला त्याला पाजता आलं. बाळ जवळ राहू लागलं आणि तुरुंग राजवाडा झाला, असं ती म्हणते.

मला खरं सांगायचंय ते वडिलांबद्दल. आपण रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेसाठी जीव देणाऱ्यांच्या, कथा ऐकतो तेव्हा असे नातलग आडवे येणारे वाटतात. पण हा म्हातारा पुन्हा येतो, लेकीचे हात चुंबतो, तिच्या पायावर लोळण घेतो. "माझ्या पिकल्या केसांची तरी दया कर," म्हणतो. आता तो तिला "पोरी" म्हणत नाही, "बाईसाहेब" म्हणतो. हा शब्द तिला लागला असणार, नाहीतर तिने तो टिपून कशाला ठेवला असता?

सुनावणीला तो बाळ घेऊन उभा राहतो. हिलारियानुस हा अधिकारी म्हाताऱ्याला छडीने मारण्याचा हुकूम सोडतो. "तो मार जणू मलाच बसला," ती लिहिते. मात्र "मी ख्रिस्ती आहे" हे उत्तर बदलत नाही. नंतर वडील बाळ परत द्यायला नकार देतात.

शिक्षा ठरते: आखाड्यातल्या खेळांत, लोकांसमोर, जनावरांपुढे सोडायचं. त्या खेळांच्या आदल्या दिवशी ती लेखणी ठेवते. उद्या जे होईल ते ज्याला लिहायचं असेल त्याने लिहावं, म्हणते. ते लिहिलं दुसऱ्याच कुणीतरी. गेटा या राजपुत्राच्या वाढदिवसाचे खेळ होते. पिसाळलेल्या गायीने तिला उडवलं. उठून तिने आधी फाटलेलं वस्त्र मांडीवर ओढलं, मग केसांसाठी पिन मागितली. मोकळे केस म्हणजे सुतक, आणि तिला सुतकात दिसायचं नव्हतं. शेवटी फेलिसितास खाली पडलेली दिसली, तेव्हा तिने हात देऊन तिला उठवलं.

तलवार चालवणारा पोरगा नवखा होता. पहिला घाव हाडावर बसला, ती किंचाळली. मग त्याचा थरथरता हात धरून तिने स्वतःच आपल्या गळ्याशी नेला.